दोनशे बारा पानं, गॅलरीसह

छोट्या डिजिटल प्रकाशकाला पुस्तक द्यायचं तर लेखकाला एजंट लागतो का, हा प्रश्न मला आतापर्यंत तिघांनी विचारला आहे. त्यातला एक न्हावी होता आणि विचारताना त्याचा वस्तरा माझ्या कानामागे होता. त्याच्या मेहुणीने कविता केल्या आहेत म्हणे. मी म्हणालो, "आधी कान सोड, मग सांगतो." कान सुटला तोवर पुढचं गिऱ्हाईक खुर्चीला हात लावून उभं होतं आणि सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहून काढतो. मला लिहिता उशिरा आलं, साठी उलटल्यावर, त्यामुळे मी लिहिणं वाया घालवत नाही.

मी सोफे भरायचो. चाळीस वर्षं लोकांचे बसलेले सोफे उघडले, दबलेला काथ्या उपसला, स्प्रिंगा बांधल्या, नवं कापड चढवलं. सोफ्याच्या पोटात काय निघेल याचा नेम नसतो. कंगवे, चमचे, नट पिळायचे पाने आणि किल्ल्या तर रोजच्या. एका आरामखुर्चीत अर्धी कवळी निघाली. ती कोणाची यावरून त्या घरात जो वाद झाला तो मी तोंडात खिळे धरून ऐकला, त्यामुळे मला मत देता आलं नाही. एका दिवाणात शाळेचं प्रगतिपुस्तक निघालं. ज्याचं होतं तो स्वतः दोन पोरांचा बाप झालेला, तरी माझा हात धरून म्हणाला, "मिस्त्री, हे माझ्या वडिलांना दाखवू नका." अशा गोष्टींवर मी पुस्तक लिहिलं. दोनशे बारा पानं झाली. मुलीने ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली. उतरवताना ती अधूनमधून हसत होती. मी जवळ गेलो की हसायची थांबायची. असं का, ते मी विचारलं नाही. लेखकाने काही अंतर राखावं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या बायकोच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. माझ्या बाबतीत ही सोयच झाली असं ती म्हणते. डोळ्यांचे डॉक्टर मात्र स्पष्ट बोलले. "आजी, वाचायचं असेल ते या वर्षात वाचून घ्या. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, तसं वाचा. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही."

घरी आल्याआल्या मी मुलीला म्हटलं, पुस्तक टॅबवर घाल. तिने घातलं. बायकोने टॅब हातात घेतला, तिरका धरला, नाव वाचलं आणि परत दिला.

"हे नाही वाचणार."

"का?"

"हे घरच्यांनी घरच्यांसाठी केलंय. आपल्या नात्यात नसलेल्या एका तरी माणसाने म्हणू दे की हे पुस्तक आहे. मग मी वाचीन. उरलेली नजर मी तुमच्या गृहपाठावर नाही घालवणार."

हे ऐकून मला राग आला, पण ती म्हणते ते खरं आहे हे कळल्याचा राग जास्त होता. प्रकाशक शोधणं भाग होतं, आणि वर्ष संपायच्या आत.

मुलीने दोन दिवसांत एक छोटं प्रकाशन शोधून काढलं. कागद नाही, छपाई नाही, पुस्तक थेट पडद्यावर. त्यांच्या वेबसाइटवर खाली लिहिलं होतं, "लेखकांनी हस्तलिखित थेट पाठवावे. एजंट असण्याची आवश्यकता नाही." मुलीने सगळं जोडून बटणावर बोट ठेवलं आणि मी म्हणालो, "थांब. आधी वर दाखवू."

पुढचं सगळं त्या "थांब"मुळे झालं, हे मी आजही घरात कबूल करत नाही.

वर म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर हेडक्लार्क राहतात. कुठल्याशा कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण पदाने त्यांना सोडलं नाही. इमारतीतला कोणताही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पूर्ण होत नाही. त्यांनी ते वाक्य तीन वेळा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि चौथ्यांदा वाचलं.

"सोफावाले, 'आवश्यकता नाही' असं लिहिलंय. 'मनाई आहे' असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग अर्थ उघड आहे. एजंट नसलेल्या माणसाला हाकलता येत नाही, म्हणून असं वाक्य घालावं लागतं. पण अर्ज दोन गठ्ठ्यांत लागतात. एजंटवाले वरच्या, बाकीचे खालच्या. आम्ही लिहायचो, 'अर्जदाराने समक्ष येण्याची आवश्यकता नाही.' जे समक्ष आले नाहीत त्यांचे अर्ज अजून तिथेच असतील."

मुलगी म्हणाली, "काका, ते दोनच माणसांचं प्रकाशन आहे. गठ्ठे कुठले?"

"दोन माणसं म्हणजे दोन गठ्ठे," हेडक्लार्क म्हणाले. मुलगी कपाळाला हात लावून निघून गेली आणि मी खालच्या गठ्ठ्यात पडलेलं माझं पुस्तक डोळ्यांपुढे आणत जिना उतरलो.

एजंट हवा तर आणायचा कुठून? आमच्या माहितीत एकच एजंट होते, जुडगेसाहेब. ते घरं भाड्याने मिळवून देतात. कमरेला किल्ल्यांचं एवढं मोठं जुडगं, की ते गल्लीत शिरले की आधी आवाज येतो, मग ते. खरं आडनाव बहुधा त्यांनाही आठवत नसावं. मी त्यांना चहाला बोलावलं आणि संकोचत विचारलं, पुस्तकांचं काम करता का?

"मालक, मी जागांचं करतो. पण तुम्हीच सांगा, जागा म्हणजे काय? चार भिंती. पुस्तक म्हणजे काय? दोन पुठ्ठे. उलट काम अर्धं झालं."

"हे डिजिटल आहे. पुठ्ठेही नाहीत."

जुडगेसाहेबांनी बशीतला चहा संपेपर्यंत विचार केला. "म्हणजे मोकळा प्लॉट. आणखी चांगलं. पानं किती?"

"दोनशे बारा."

"प्रस्तावना धरून?"

"धरून."

"म्हणजे आतून एकशे नव्वद. आपण सांगताना अडीचशे सांगू. आहे कशाबद्दल?"

"सोफ्यांबद्दल."

"फर्निचरसकट," असं त्यांनी डायरीत लिहिलं.

आतून बायकोचा आवाज आला. "त्यांना विचारा, वरच्या मजल्याचं पुस्तक असेल तर पाण्याचा दाब कसा राहील." मी दार लोटून घेतलं. ज्या कामात आपला मान गुंतलेला असतो त्यात घरच्यांनी विनोद करू नयेत, असं माझं मत आहे. ते मत घरात कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी जुडगेसाहेब करार घेऊन आले. चांगला जाड कागद होता, खाली शिक्के. त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. पुस्तक एक वर्षासाठी एजंटाच्या ताब्यात. मालकाने परस्पर कुणालाही पुस्तक देऊ नये. पुस्तकाच्या मूळ रचनेत फेरफार करू नयेत. पुस्तक सोडताना रंग देऊन सोडावं. शेवटच्या कलमाशी मी जरा अडलो, पण त्यांचा आवाज इतका सराईत होता की अडणं बरं दिसेना.

मग त्यांनी पेन पुढे केलं.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगावं लागेल. ज्यांनी आयुष्याची साठ वर्षं अंगठा उठवला, त्यांनाच हे कळेल. अंगठा उठवला की समोरचा माणूस आपल्याकडे न बघता फडकं पुढे करतो. सही केली की तो थांबतो, बघतो. माझी सही चांगली आहे. पहिलं अक्षर मी मोठं काढतो आणि शेवटी खाली एक रेघ ओढतो, खुर्चीच्या पाठीच्या टाक्यासारखी. त्यामुळे कोणी सही मागितली की मला नाही म्हणवत नाही. कुरियरवाल्याच्या वहीतसुद्धा मी शेजाऱ्यांच्या नावापुढे सही करून मोकळा होतो. वाचायचं म्हटलं तर मला वेळ लागतो, बोट ठेवावं लागतं, आणि समोर माणूस ताटकळतोय हे बरं वाटत नाही. सही पटकन होते. मी नऊ ठिकाणी सह्या केल्या. जुडगेसाहेब म्हणाले, "वा मालक, हात चांगला आहे." त्या एका वाक्यात मी वर्षभरासाठी अडकलो.

त्यानंतर पुस्तक दाखवायला लोक यायला लागले.

मला वाटलं होतं की एजंट प्रकाशकाला पत्र लिहील. पण जुडगेसाहेबांची काम करायची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक आणायचं, माल दाखवायचा. एका सकाळी ते एका नव्या जोडप्याला घेऊन आले. मुलीने छापून आणलेली प्रत टेबलावर होती. जुडगेसाहेब म्हणाले, "हे बघा, दोनशे बारा पानं, भरपूर उजेड, शांत वस्ती." नवरा प्रत चाळत म्हणाला, "पण आम्हाला दोन खोल्या हव्यात." जुडगेसाहेब त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या फेरीत दाखवतो, आधी हे बघून तर घ्या." त्याची बायको मात्र पहिल्या प्रकरणापाशी थांबली, कवळीच्या गोष्टीपर्यंत वाचत गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "आपल्या सोफ्यात पण बघायला पाहिजे." माझ्या पुस्तकाची ती पहिली वाचक. दोन खोल्यांच्या शोधात आलेली.

मग एक निवृत्त शिक्षक आले, त्यांना तळमजला हवा होता. नंतर दोघी बहिणी आल्या, त्यांना मांजर ठेवायला परवानगी आहे का हे विचारायचं होतं. जुडगेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पुस्तकात मांजर आहे, एकोणिसाव्या प्रकरणात, दिवाणात व्यायलेली. बहिणी खूश झाल्या. माझी बायको प्रत्येकाला चहा देत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "कसं वाटलं पुस्तक? हवेशीर आहे ना?" तिचं ऐकून शिक्षक म्हणाले, जरा कोंदट आहे. त्या दिवशी मी जेवलो नाही. दुपारपर्यंत.

जुडगेसाहेबांनी पुस्तकाचे फोटोही काढले. टेबलाच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून, खालून वर. "असं काढलं की जागा मोठी दिसते," ते म्हणाले. फोटोत माझं पुस्तक खरोखर सभागृहाएवढं दिसत होतं. मागे माझे पाय होते.

शेवटी मुलगी चिडली. "बाबा, प्रकाशकांना कळवलंय का त्यांनी?"

कळवलं होतं. ते आम्हाला उत्तर आल्यावर कळलं. जुडगेसाहेब पत्राची छापील प्रत घेऊन आले. चेहरा नेहमीसारखाच होता, पण जुडगं वाजत नव्हतं, हाताने धरलेलं होतं. "पार्टी फिरली," ते म्हणाले. "दुसरी बघू."

मुलीने पत्र वाचलं. प्रकाशिकेने लिहिलं होतं, 'आपल्या एजंटांचे पत्र मिळाले. अट चार, "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय खिळा ठोकू नये," याचा अर्थ आम्ही संपादन असा घेतला आहे. लेखकाच्या परवानगीशिवाय स्वल्पविरामही हलवायचा नसेल तर आम्हाला काम करणे कठीण आहे. अट सहा, "सोडताना रंग देऊन सोडावे," हिचा अर्थ आम्ही वकिलांनाही विचारला, त्यांना लागला नाही. अट आठ, पाहुण्यांविषयी, ती आम्हाला मान्य आहे, आमच्याकडे कोणी येत नाही. आम्ही फार लहान प्रकाशक आहोत. एवढ्या मोठ्या लेखकाला आम्ही न्याय देऊ शकणार नाही. क्षमा असावी.'

"एवढ्या मोठ्या लेखकाला" हे मी मुलीकडून दोनदा वाचून घेतलं. वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचं पुन्हा वाईट वाटलं.

बायको कपाटाशी उभी राहून गोळ्यांचं पाकीट उजेडात धरत होती. आधी उजवीकडे तिरकं, मग डावीकडे. मग तिने ते माझ्यापुढे धरलं. "यावर काय लिहिलंय?"

मी बोट ठेवून वाचलं. 'जेवणानंतर.' एकच शब्द. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिने मला काही वाचून दाखवायला सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आदल्या आठवड्यात डॉक्टरांच्या तक्त्यावर ती तिसऱ्या ओळीशी थांबली होती. मागच्या खेपेला पाचव्या ओळीपर्यंत गेली होती. वर्षाचे साडेतीन महिने उरले होते.

मी ठरवलं की एजंट सोडायचा आणि प्रकाशिकेकडे स्वतः जायचं.

हेडक्लार्कांनी मान हलवली. "करार झालाय. परस्पर गेलात तर दावा लागेल. आधी नोंदणी कार्यालयात जाऊन रद्द करा." मी गेलो. तीन नंबरच्या खिडकीवर चार तास रांग. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला आणि मी भरायला बसलो. मालमत्तेचा पत्ता. मी लिहिलं, टेबलावर. चतुःसीमा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. मी लिहिलं, पूर्वेला चष्म्याची डबी. बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "आजोबा, ही मालमत्ता काय आहे?"

"पुस्तक."

"पुस्तक रिकामं आहे की कोणी राहतं?"

"रिकामं कसं असेल? लिहिलेलं आहे."

"मग कब्जा कोणाचा, त्याचा दाखला आणा. आणि पाणीपट्टी भरल्याची पावती." मागच्या रांगेतले लोक मला कोपराने ढकलत होते. मी खाली मान घालून बाहेर आलो. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून काम केलं, पण एवढं लहान मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी करार टेबलावर पसरला. बायको म्हणाली, "काय करताय?"

"वाचतोय."

"आता?"

"आता."

मला दोन दिवस लागले. सकाळी नऊला बसायचो, पाचला उठायचो. छापील मजकूर दाट होता आणि शब्द मोठमोठे. काही शब्द मी दोन तुकडे करून वाचले, काही तीन. पहिल्या पानावर मला कुठे पुस्तक हा शब्दच सापडेना. वाटलं, माझ्याच वाचण्यात खोट असेल. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सातव्या कलमाशी आलो आणि माझं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की सदर करार पाण्याच्या टाकीमागच्या तळमजल्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी या जागेस लागू राहील. मी पुढे वाचलं, मागे वाचलं. सगळीकडे जागाच होती. नऊच्या नऊ ठिकाणी मी त्या दोन खोल्यांचा मालक म्हणून सही केली होती. जुडगेसाहेबांनी वाचून दाखवताना जिथे जिथे जागा लिहिलं होतं तिथे तिथे पुस्तक म्हटलं होतं, आणि मी ऐकत गेलो होतो.

दोनशे बारा पानांचं माझं पुस्तक त्या करारात कुठेच नव्हतं. कोणी ते मला परत द्यायचीही गरज नव्हती.

मी करार घेऊन जुडगेसाहेबांकडे गेलो. "ही गॅलरी कोणाची?"

त्यांनी कागद दूर धरला. "अरेच्चा. हा टाकीमागचा मसुदा. तुमचं नाव घातलं, बाकीचं बदलायचं राहिलं. मग मालक, तुमचं पुस्तक माझ्याकडे नाहीच." ते खरोखर ओशाळले. मग जरा वेळाने म्हणाले, "सह्या मात्र झकास आहेत. ती जागा तुम्हाला बघायची आहे का? हवेशीर आहे."

प्रकाशनाचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. लोखंडी जिना, वर एकच खोली, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून एक सोफा. मी आत गेलो आणि सवयीने आधी सोफ्याकडे पाहिलं. डाव्या बाजूची स्प्रिंग गेली होती. प्रकाशिका चाळिशीच्या होत्या, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांचा दीर अर्धा दिवस येऊन कॉम्प्युटरचं बघायचा, बाकी सगळं त्यांच्याकडेच. मी माझं नाव सांगितलं तशा त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या मागे जिन्याकडे बघू लागल्या.

"एजंट कुठे आहेत?"

"जागा दाखवायला गेलेत."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. सुरुवातीला त्या गंभीर होत्या. मांजरवाल्या बहिणींपाशी आलो तेव्हा त्यांनी केसांतली पेन्सिल काढून दातांत धरली.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या पत्राने मी आठ दिवस झोपले नाही. म्हटलं, हा कोण एवढा मोठा लेखक, ज्याचा माणूस पाहुणे किती दिवस ठेवायचे तेही लिहून मागतो. आम्हाला पत्र लिहितात ते सगळे आपले आपण लिहितात. कोणाचाही एजंट नसतो. आमच्या पुस्तकांत एजंटाला द्यायला काही उरतच नाही, तो बिचारा येईल कशाला?"

"मग माझं पुस्तक वाचून नाही म्हणालात, की अटी वाचून?"

"पुस्तक? पुस्तक पाठवलंच कुठे? मला फक्त फोटो आले. त्यात एक टेबल आहे आणि कोणाचे तरी पाय."

मी पिशवीतून प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्या म्हणाल्या, आठवड्याने कळवते. मी म्हणालो, मला आठवड्याची सवड नाही, आणि बायकोच्या डोळ्यांचं सांगितलं. नुसतं ऐकून वाईट वाटलं म्हणून हो म्हणू नका, तिला ते चालणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगून प्रत उघडली. मी सोफ्याच्या उजव्या बाजूला बसलो.

तीस पानं वाचून त्यांनी मान वर केली. "हे पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण उशांवरचं हे प्रकरण काढायला लागेल. काथ्याच्या प्रकारांची अकरा पानंही जातील. आणि 'आणि' फार आहेत."

काथ्याची अकरा पानं मला पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची वाटत होती. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "काका, बसताना काथ्या टोचायला लागला तर तुम्ही काय करता?" पुढे त्यांनी खरंच कापायला घेतलं तेव्हा मी चार दिवस फोन उचलला नाही, पाचव्या दिवशी उचलला.

त्या दिवशी त्यांनी लगेच करार पुढे ठेवला. दोनच पानं. वर पेन ठेवलं.

"मला वेळ लागेल," मी म्हणालो.

"घ्या की."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. प्रकाशिका आपलं काम करत राहिल्या, मधे खाली जाऊन आल्या, दोन फोन घेतले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सव्वा तास लागला. एका ठिकाणी मी विचारलं, हे 'सर्व भाषांतील हक्क' म्हणजे काय, आणि त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, ते नको. त्यांनी ते खोडून बाजूला सही केली. त्यांची सही साधीच होती. मग मी माझी केली. रेघ ओढून.

म्हणजे न्हाव्याच्या मेहुणीला सांगायचं तर एवढंच, की एजंट लागत नाही, पण सव्वा तास लागतो.

वर्ष संपायला सहा आठवडे असताना पुस्तक आलं. हेडक्लार्कांनी वरून येऊन ते तपासलं आणि म्हणाले, "खालच्या गठ्ठ्यातून निघालं म्हणजे आश्चर्यच." बायकोने टॅब उशीला टेकवला, अक्षर इतकं मोठं केलं की पडद्यावर चार शब्द मावायचे, मान तिरकी केली आणि वाचायला लागली. मला म्हणाली, "समोर बसू नका. बाहेर जा."

नऊ दिवस मी गल्लीत फिरलो. दहाव्या दिवशी दुपारी तिने हाक मारली. ती हिरव्या सोफ्याच्या प्रकरणात होती. त्याबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. सोफ्यात एखादं पत्र निघालं की मी ते घरी आणायचो, ही वाचून दाखवायची, आणि दुसऱ्या दिवशी मी ते ज्याचं त्याला देऊन यायचो. अशी सात पत्रं माझ्या पुस्तकात आहेत, माझ्या आठवणीतून, हिच्या तोंडून ऐकलेली. पुस्तकातला तोच भाग प्रकाशिकेला सर्वांत आवडला होता.

"अहो, हे बोटीवरच्या नवऱ्याला लिहिलेलं पत्र. हे तुम्ही खरं धरलंत?"

"तूच वाचलंस ना?"

"ते कापडाच्या दुकानाला होतं. पडदे आखूड आले म्हणून तक्रार."

मी खुर्ची ओढून बसलो. "आणि तो बोटीवरचा नवरा? अकरा वर्षं वाट पाहणारी ती बाई?"

"मी घातली."

"का?"

"तुम्ही दिवसभर काथ्या उपसून यायचात. खोकत बसायचात. पडदे आखूड आले, हे ऐकवायचं का तुम्हाला?"

"किती पत्रांत घातलंस?"

"सातातल्या पाचांत. सहावं मूळचंच बरं होतं."

"आणि सातवं?"

"सातवं कोरं होतं."

सातव्या पत्रावर प्रकाशिका रडल्या होत्या. मी त्यांना फोन केला, सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "काका, डिजिटल आहे, आज बदलता येईल. पण बदलू काय? पडदे आखूड घालू?" मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, पत्रं राहू देत, लेखकाच्या नावाखाली माझं नाव घाला. संध्याकाळपर्यंत ते घातलंही. मला माझ्या नावाखाली तिचं नाव बघून जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे थकले. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने टॅब माझ्याकडे सरकवला. "उरलेलं तुम्ही वाचा. मी ऐकते."

मी अक्षर लहान केलं आणि वाचायला लागलो. दोन प्रकरणं होती. बोट ठेवून, पण न अडता. शेवटच्या प्रकरणात आमच्या दुकानाचं वर्णन आहे, मागच्या खोलीत ही मशीनवर सोफ्याची कव्हरं शिवायची त्याचं. कव्हर किती मीटरचं, सुई कितीची, एवढंच मी लिहिलेलं. ते वाचत असताना मी न थांबता पुढे म्हणालो, "'तिच्यासारखा सरळ टाका मी नंतर कुणाच्या हातून पाहिला नाही. तो बघायला मी उगाचच आत जायचो.'"

ती उठून बसली.

"हे पुस्तकात नाही."

"आहे."

"पान किती?"

"अक्षर मोठं-लहान केलं की पान बदलतं."

"मग ओळ दाखवा."

"तू शोध."

तिने टॅब माझ्या हातून ओढून घेतला, अक्षर पुन्हा मोठं केलं, चार शब्दांवर आणलं, मान तिरकी केली आणि प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.